मीडियम फॉरमॅटचा फिल्म कॅमेरा आणि लेन्स निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२० रोल म्हणजे नेमकं काय? ३५ एमएमपेक्षा खरंच इतका फरक दिसतो का?

मीडियम फॉरमॅट म्हणजे १२० रोलवर ३५ एमएमपेक्षा मोठी नेगेटिव्ह काढणारे कॅमेरे. १२० या आकड्याचा मिलिमीटरशी काही संबंध नाही. कोडॅकने १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी हा रोल काढला, आणि १२० हा त्याचा नुसता क्रमांक. फिल्म साधारण ६ सेंटिमीटर रुंद असते, तिच्या पाठीला कागद असतो, डबी नसते. सव्वाशे वर्षांत रोल तोच राहिला. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या कॅमेऱ्यात आज घेतलेला रोल बसतो.

फरक दिसतो, पण मोबाइलच्या पडद्यावर नाही. १६ बाय २० इंचाचा प्रिंट काढायचा तर ३५ एमएमची नेगेटिव्ह जवळजवळ १७ पट मोठी करावी लागते, ६×७ सेंटिमीटरची सव्वासात पट. दोन्ही प्रिंट शेजारी लावा. चेहऱ्याच्या उजेडाच्या बाजूकडून सावलीकडे जाताना रंग कसा हळूहळू उतरतो ते पाहा. लोक ‘शार्पनेस’बद्दल बोलतात, मला ती उतरण जास्त महत्त्वाची वाटते.

६४५, ६×६, ६×७, ६×९ यातलं कोणतं माप घेऊ?

एका रोलमध्ये ६४५ चे, म्हणजे ६×४.५ सेंटिमीटरचे, १५ किंवा १६ फोटो निघतात, ६×६ चे १२, ६×७ चे १० आणि ६×९ चे ८. रोल आणि धुलाई दोन्ही महाग झाल्यामुळे हा हिशेब आधी करा.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ६×६ चा चौकोन तुम्ही नेहमी कापून आडवा किंवा उभा करणार असाल, तर हातात उरतं ते जेमतेम ६४५ एवढंच. म्हणजे चौकोन आवडत असेल तरच ६×६ घ्या. चौकोनात कॅमेरा आडवा-उभा करावा लागत नाही, आणि मधोमध उभं केलेलं माणूस तिथे अवघडलेलं दिसत नाही. मी स्वतः चौकोनवाला आहे. पण लग्नं, प्रवास, पुष्कळ फोटो असं काम असेल तर ६४५ बद्दल कमीपणा वाटून घेऊ नका. ३५ एमएमच्या पावणेतीन पट जागा तिथेही मिळते.

आधी बॉडी ठरवू की लेन्स?

आधी ठरवा, कॅमेरा कुठे असणार: छातीशी, डोळ्याला की ट्रायपॉडवर. माझं या सगळ्यावरचं मत एवढंच आहे आणि खालची बहुतेक उत्तरं त्यातूनच येतात. मामिया आरबी६७ ची लेन्स कितीही सुंदर असली तरी राजमाच्चीच्या चढावर ती पाठीवर पावणेतीन किलो होऊन बसते, आणि तिसऱ्या ट्रेकला घरीच राहते. उलट रेंजफाइंडर (आरसा नसलेला, बाजूच्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) घेऊन कुणी स्टुडिओत जवळून चेहरे टिपायला बसला तर तोही वैतागतो.

दुसरं म्हणजे, ३५ एमएममध्ये बॉडी बदलत लेन्स चालवता येतात तसं इथे फारसं होत नाही. बॉडी, लेन्स, मॅगझीन (रोल धरणारा मागचा डबा), व्ह्यूफाइंडर सगळं एका घराण्याचं. एकदा घरात आलात की बाहेर पडणं महाग पडतं. म्हणून बॉडी घेण्याआधी त्या घराण्यातली तुम्हाला लागणारी दुसरी लेन्स आपल्याकडे वापरलेली मिळते का, हे पाहा.

शटर लेन्समध्ये असणं आणि बॉडीत असणं, यात काय एवढं?

फ्लॅश वापरणार असाल तर यावरच सगळं अवलंबून आहे.

हॅसलब्लाडची ५०० मालिका, मामियाचे आरबी आणि आरझेड, ब्रॉनिकाचे ईटीआर आणि एसक्यू, मामिया ७ आणि सगळे दोन डोळ्यांचे (एकावर एक दोन लेन्सचे) कॅमेरे यांत शटर लेन्समध्ये असतं. ते कोणत्याही वेगाला फ्लॅशशी जुळतं. पेंटॅक्स ६७ आणि मामिया ६४५ मध्ये शटर बॉडीत, फिल्मच्या पुढ्यात, पडद्यासारखं सरकतं. पूर्ण फ्रेम एकाच क्षणी उघडी राहील असा त्यांचा सर्वांत जास्त वेग पेंटॅक्सला १/३० आणि मामिया ६४५ ला १/६०.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. १०० आयएसओचा रोल, कडक ऊन: १/१२५ ला एफ १६ (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र लहान). नवरीच्या डोळ्यांखालची सावली फ्लॅशने उचलायची आहे. हॅसलब्लाडवर १/५०० ला एफ ८ लावा, काम झालं. पेंटॅक्सवर १/३० ला एफ ३२ लागेल आणि १०५ ची लेन्स एफ २२ पर्यंतच बंद होते. म्हणजे फ्लॅश उडण्याआधीच फोटो एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेडाने, जास्त उजळलेला. पेंटॅक्सने यासाठी शटर असलेल्या ९० आणि १६५ च्या लेन्स काढल्या होत्या, पण त्या वेगळ्या शोधाव्या लागतात.

बॉडीतल्या शटरचा फायदाही आहे. लेन्समध्ये शटर बसवायचं नसल्यामुळे ती उघडी, मोठ्या तोंडाची करता येते. मामिया ६४५ ची ८० एमएम एफ १.९ आणि पेंटॅक्सची १०५ एमएम एफ २.४ ही त्याचीच फळं. शिवाय वेगही १/१००० पर्यंत जातो.

हॅसलब्लाडच घ्यायला हवा का?

नाही. पण का घ्यावासा वाटतो ते मला पुरतं समजतं. ५००सी १९५७ साली आला आणि त्यातलं बरंचसं शेवटपर्यंत तसंच राहिलं, म्हणून साठच्या दशकातलं मॅगझीन नव्वदच्या दशकातल्या ५०३सीडब्ल्यूवरही बसतं. बॅटरी नाही. झाइसची ८० एमएम प्लॅनर एफ २.८, ५० एमएम डिस्टागॉन एफ ४, १५० एमएम सॉनर एफ ४ या तीन लेन्समध्ये माणसाचा जन्म निघतो.

घेताना चार गोष्टी सांभाळा. सी लेन्स जुन्या. त्यांची शटर दुरुस्त करणारे कमी होत चाललेत आणि सुटे भाग अवघड. १९८२ पासूनच्या सीएफ लेन्स वापरायला सोप्या, फिल्टरचं माप मात्र वेगळं. एफ मालिकेच्या लेन्समध्ये शटरच नसतं. त्या २००० आणि २०० मालिकेच्या बॉडीसाठी आहेत, ५०० वर चालत नाहीत. ११० एमएम एफ २ चं नाव ऐकून लोक इथेच फसतात. तिसरं, मॅगझीनचं कवच आणि आतली फिल्म धरणारी चौकट यांवरचे शेवटचे तीन आकडे जुळतात का ते बघा. न जुळलेल्या जोडीत दोन फोटोंमधलं अंतर बिघडण्याची शक्यता असते.

चौथी सवयीची गोष्ट. लेन्स काढताना बॉडी आणि लेन्स दोन्हींना चावी भरलेली असली पाहिजे. एकाला भरलेली आणि दुसऱ्याला नाही अशा अवस्थेत लेन्स चढवलीत तर सगळं अडकून बसतं. जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि फोटो निघत नसेल तर आधी मॅगझीनची, फिल्म झाकणारी काळी पट्टी काढली का ते पाहा. ती आत असताना बटण दाबलंच जात नाही, बिघाड नसतो.

आरबी६७ आणि आरझेड६७ यांत कोणता?

आरबी १९७० चा, संपूर्ण यांत्रिक. आरझेड १९८२ चा, शटर इलेक्ट्रॉनिक. आरबी म्हणजे फिरतं मॅगझीन: कॅमेरा तसाच ठेवून मागचा भाग ९० अंशांत वळवायचा, फोटो उभा. आरबीत फिल्म पुढे सरकवणं आणि शटरला चावी भरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आरझेडमध्ये एकाच दांड्यात होतात. आरबीच्या लेन्स आरझेडवर चालतात. उलट नाही.

दोघांचाही फोकस बेलोजने, म्हणजे घड्यांच्या भात्याने, होतो, त्यामुळे साधी लेन्सही खूप जवळ जाते. भाता लांब खेचला की उजेड कमी पोचतो, तो किती भरून काढायचा याचा तक्ता कॅमेऱ्याच्या अंगावरच छापलेला आहे. तो वाचायला शिका.

याच भात्याने मला एक वर्ष छळलं. वापरलेला आरबी घेतला, पहिल्या दोन रोलवर प्रत्येक फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्याकडे एक फिकट पट्टा. उन्हात ठळक, घरात जेमतेम. विकणाऱ्याने लॅबवर ढकललं, लॅबने रोलवर. शेवटी रात्री दिवे घालवून, लेन्स काढून, भाता पूर्ण लांबवून आत छोटी टॉर्च धरली. घडीच्या टोकाला, जिथे चार घड्या एकत्र येतात, तिथे सुईच्या टोकाएवढा एक पिवळा तारा चमकला. भाता बदलला, पट्टा गेला. तेव्हापासून बेलोजवाला कुठलाही कॅमेरा मी अंधारात टॉर्च लावून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

माणसांचे फोटो काढायचे आणि ट्रायपॉड नेहमी जवळ असेल, तर आरझेड आणि ११० एमएम एफ २.८ यांच्यासारखी जोडी मला माहीत नाही. दीड मीटरवर पूर्ण उघडी ठेवलीत तर फोकस चार-पाच सेंटिमीटरच जाड असतो. डोळा पकडलात तर कान सुटतो.

पेंटॅक्स ६७ हातात धरून चालतो का?

चालतो. ३५ एमएमच्या कॅमेऱ्याला हवा भरून फुगवल्यासारखा त्याचा आकार आहे, म्हणून ३५ वरून येणाऱ्याला लगेच जमतो. आरसा मात्र मोठा आहे आणि उठताना धाडकन उठतो. १/१२५ च्या वर बिनधास्त, ट्रायपॉडवर १/८ ते १/३० च्या दरम्यान आरसा आधी वर उचलून ठेवा. सुरुवातीच्या बॉडींमध्ये ती सोय नाही, म्हणून विचारून घ्या. जुन्या १०५ एफ २.४ लेन्सच्या काचेत थोरियम आहे आणि त्यामुळे ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते. कृष्णधवलसाठी पिवळेपणा अडत नाही, रंगीत स्लाइडवर जाणवतो.

यशिकासारखा दोन डोळ्यांचा कॅमेरा आज शिकायला घेऊ का?

हो. पहिला कॅमेरा म्हणून मी हाच सुचवतो. वरची लेन्स बघायला, खालची टिपायला. आरसा हलत नाही म्हणून १/३० ला हातात धरून फोटो निघतो आणि आवाज घड्याळाच्या टिकटिकीएवढा. आपल्याकडे कितीतरी तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओंचा संसार यशिकावर चालला. देशाच्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला, ज्या मुंबईत जे. जे. मध्ये शिकल्या, त्यांच्या हातात रोलायफ्लेक्स असायचा.

यशिका मॅट १२४जी मध्ये ८० एमएम एफ ३.५ ची चार काचांची लेन्स आहे. एफ ८ वर तिच्यात आणि महागड्या रोलायमध्ये फरक शोधावा लागतो. पूर्ण उघडल्यावर कोपरे मऊ पडतात, तिथे रोलायफ्लेक्स २.८एफ ची प्लॅनर पुढे जाते. १२४जी चा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचा, ते सेल आता मिळत नाहीत. साधा १.५ व्होल्टचा घातला तर आकडा चुकतो. मीटर बंद आहे असं धरूनच किंमत करा. लेन्स बदलायचीच असेल तर मामिया सी२२० किंवा सी३३० पाहा, ५५ पासून २५० एमएमपर्यंत जोडलेन्स मिळतात, पण वजन वाढतं.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात मावत नाही. आषाढी वारीत दिवे घाटात पालखी चढत होती. एक आजी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन माझ्यासमोर थांबल्या. मी कॅमेरा छातीशी धरून मान खाली घातली होती. काचेत डावी-उजवी बाजू उलटी दिसते, त्या डावीकडे सरकल्या की मला उजवीकडे जाताना दिसायच्या. त्यांना वाटलं मी नमस्कार करतोय. त्यांनी हात उचलून आशीर्वाद दिला. तोच बारावा फोटो. डोळ्याला कॅमेरा लावून त्यांच्यावर रोखला असता तर तो हात उठला नसता. त्यानंतर पावसात छत्रीखाली रोल बदलताना मित्राला कॅमेरा धरायला दिला, आणि कागदावरचा बाण खुणेला नीट लागला की नाही हे दोनदा तपासलं. बाण चुकला की पुढचे बाराही फोटो सरकतात.

मामिया ७ इतका महाग का?

त्याच्या लेन्समुळे. आरसा नसल्याने लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात वाइड लेन्सला आरशापुरती जागा सोडावी लागते आणि त्यासाठी तिची रचना ओढूनताणून करावी लागते. मामिया ७ ची ४३ एमएम या अडचणीतून सुटली आहे. इमारतींच्या सरळ रेषा सरळच राहतात. हॅसलब्लाडने एसडब्ल्यूसी हा बिनआरशाचा कॅमेरा ३८ एमएम बायोगॉनसाठी काढला, त्याचंही कारण तेच.

गडकिल्ले, रस्ते, देवळं यांसाठी अप्रतिम, आणि ६×७ असून हलका. पण ८० एमएमने एक मीटरच्या आत जाता येत नाही, धूसर पार्श्वभूमी कशी येईल ते आधी दिसत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर भाग मिळवणं फार कठीण. माझ्या मते, ज्याचं बहुतेक काम निसर्गदृश्यांचं आहे त्यानेच एवढे पैसे घालावेत.

फुजीचा जीडब्ल्यू६९० हा स्वस्तातला भाऊ समजा: एकच ९० एमएम एफ ३.५ लेन्स, ६×९ ची प्रचंड नेगेटिव्ह, मीटर नाही, बॅटरी नाही.

कमी पैशांत पूर्ण सिस्टीम?

ब्रॉनिका. ६४५ साठी ईटीआरएसआय, ६×६ साठी एसक्यू-ए. मॅगझीन बदलतं, शटर लेन्समध्ये, लेन्स उत्तम, नाव कमी म्हणून भाव कमी. लेन्सवर पीई किंवा पीएस लिहिलेली पिढी नंतरची, ती घ्या. मामिया ६४५ १०००एस सुद्धा चांगला, फक्त त्यात रोल अर्ध्यावर असताना मॅगझीन बदलता येत नाही. ती सोय नंतरच्या सुपर आणि प्रोमध्ये आली.

कीव्ह ६० आणि पेंटाकॉन सिक्स स्वस्त मिळतात. पेंटाकॉनची झाइस येनाची ८० एमएम बायोमेटार फार गोड लेन्स आहे. पण फोटो एकमेकांवर चढण्याची खोड दोघांनाही आहे. दुसरा कॅमेरा म्हणून ठीक.

८० एमएम म्हणजे ३५ च्या भाषेत किती?

६४५ वर साधारण ५०, ६×६ वर ४४. ६×७ वर ९० एमएम म्हणजे ४४ आणि १०५ म्हणजे ५१. ६×६ वर १५० म्हणजे ८२, ५० म्हणजे २७.

धूसरपणाचा हिशेबही तसाच बदलतो. ६×६ वरची ८० एमएम एफ २.८ ही ३५ वरच्या एफ १.५ इतकी पार्श्वभूमी विरघळवते. म्हणून ‘एफ २.८ च आहे का?’ असं विचारू नका. उजेडाच्या दृष्टीने मात्र ती २.८ च आहे, अंधारात ४०० चा रोलच लागेल.

लेन्स किती? पहिलं वर्ष एकच, कॅमेऱ्याबरोबर आलेली. दुसरी कुठली हवी ते तुमचे फोटोच सांगतील.

बॅटरीचं काय?

हॅसलब्लाड ५०० मालिका (मोटरवाले ईएल सोडून), आरबी, रोलायफ्लेक्स, सी३३० यांना लागत नाही. ब्रॉनिका, मामिया ६४५, पेंटॅक्स ६७, आरझेड, मामिया ७ यांना ६ व्होल्टचा छोटा सेल लागतो. बॅगेत एक जादा ठेवा. सेल संपला तर आरझेड १/४०० ला आणि ब्रॉनिका १/५०० ला तरी चालतो. पेंटॅक्स मात्र गप्प बसतो.

वापरलेला घेताना काय तपासू?

लेन्स काढून तिचं छिद्र पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुरकट पडदा दिसला तर लेन्स खोलून साफ करावी लागेल. धुळीच्या चार कणांनी काही होत नाही. शटर एक सेकंदाला लावा आणि तोंडाने ‘एक हजार एक’ म्हणा. हळू वेग अडखळत असतील तर तेल सुकलंय, साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा. मॅगझीनच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलायचाच असतो, काम स्वस्त आहे. आणि शक्य असेल तर एक रोल टाकून, धुवून, मगच व्यवहार. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारमध्ये उभं राहून कॅमेरे हाताळता येतात. फोटो पाहून दूरवरून मागवण्यापेक्षा तो दिवस घालवा.

पावसाळ्यात लेन्स कशा सांभाळू?

चामड्याच्या केसमध्ये कधीही नाही, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारं कपाट घ्या.  आणि लेन्स वापरत राहा. पडून राहिलेल्याच जास्त जातात.

घरात आजोबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री सापडलाय. तो मीडियम फॉरमॅट आहे का?

आहे. बडोद्याला बनलेला, १२० रोलवर ६×६ चे बारा फोटो काढणारा. जुन्या अल्बममधले पांढऱ्या काठाचे ते छोटे चौकोनी फोटो बहुतेक त्याचेच, नेगेटिव्हएवढेच छापलेले. शटरचा वेग एकच ठरलेला, म्हणून १०० किंवा १२५ आयएसओचा कृष्णधवल रोल घ्या, चांगलं ऊन पडू द्या, आणि माणसांपासून तीन-चार पावलं लांब उभे राहा. मागच्या लाल खिडकीतून कागदावरचा आकडा दिसेपर्यंत हळूहळू फिरवा. उन्हात ती खिडकी अंगठ्याने झाका. जुन्या निगेटिव्ह एखाद्या पाकिटात असतील तर त्याही टाकू नका. त्या सहा सेंटिमीटरच्या तुकड्यांमधून आज पुरुषभर उंचीचा प्रिंट निघतो, आणि आजीच्या नथीतले मोती मोजता येतात.